एक तिरकी रेघ

वडिलांच्या मृत्यूची नोंद विभागाने तातडीने घेतली, याबद्दल कंसताईची कधीच तक्रार नव्हती. जन्माच्या नोंदीला विभाग वेळ लावत असे, आणि लग्नाच्या नोंदीला तर नवराबायकोचे पटेनासे होईपर्यंत वेळ लावत असे. पण मृत्यूच्या बाबतीत त्याची तत्परता वाखाणण्यासारखी होती. भेटायला येणाऱ्यांच्या चपला दारातून हलायच्या आत नागरी नोंद विभागाच्या संकेतस्थळावर, त्यांच्या इमारतीतल्या रहिवाशांच्या पानावर, वडिलांच्या नावाभोवती राखाडी चौकट आली आणि चौकटीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘मयत’ हा शब्द आला.

कंसताई हे नाव तिला कचेरीत मिळाले होते. बिघडलेली वेबपाने दुरुस्त करून देणे हे तिचे काम. पानावरचा प्रत्येक मजकूर डब्यात ठेवलेला असतो, असे ती नवख्यांना सांगे. डबा उघडताना त्याचे नाव कोनी कंसात लिहायचे. बंद करताना तेच नाव पुन्हा कंसात लिहायचे, फक्त त्याच्याआधी एक तिरकी रेघ मारायची. याला टॅग म्हणतात. मोठ्या डब्यात छोटा डबा असेल तर आधी छोट्याचे झाकण लावायचे, मग मोठ्याचे. यापलीकडे या विद्येत फारसे काही नव्हते, आणि एवढ्यावर तिचे व्यवस्थित चालले होते, कारण उघडलेल्या डब्याचे झाकण लावण्याची सवय जगात फार थोड्यांना असते.

एके दिवशी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. उजवा वडील असतानाच झाला होता. तेव्हा डोळ्यात थेंब घालायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते आणि दर वेळी ते ओरडत, “छताकडे बघ, माझ्याकडे काय बघतेस!” डाव्यासाठी तारीख मिळाली होती.

“मॅडम, तुमच्या आईंची तारीख रद्द झालीये,” पलीकडची मुलगी म्हणाली. “सिस्टीममध्ये त्या मयत दाखवतायत.”

“आई माझ्यासमोर बसून मटार सोलतेय.”

“असेल मॅडम. पण ऑपरेशनला आम्ही मयत पेशंट घेत नाही. आमच्याकडे झालाच कुणी, तर नंतर होतो. आधीपासून नाही.”

कंसताईने फोन ठेवला. आईने मटार सोलता सोलता विचारले, “काय म्हणतात?”

“तू गेलीस म्हणतात.”

“कधी?”

“बाबांबरोबरच.”

आईने एक शेंग उघडली, आतला किडका दाणा बाजूला काढला आणि म्हणाली, “चला. एकदा तरी कुठे बरोबर घेऊन गेले म्हणायचे.”

कंसताईने संगणक उघडला. तिच्या कामात पानाचा दर्शनी भाग बघत नाहीत, उलटून आतली शिवण बघतात. ती तिने बघितली. दोष सापडायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. वडिलांच्या नावाआधी कुणीतरी ‘मयत’ हा डबा उघडला होता. नावानंतर तो बंद केलाच नव्हता. एक तिरकी रेघ कमी होती.

आता ब्राउझर हा अत्यंत सभ्य प्राणी आहे. चूक दिसली तरी तो चारचौघांत बोलून दाखवत नाही. लिहिणाऱ्याला काय म्हणायचे असेल याचा अंदाज बांधतो आणि वेळ निभावून नेतो. इथे त्याने असा अंदाज बांधला की ज्या अर्थी मरण सुरू झाले आहे आणि संपल्याचे कुणी कळवलेले नाही, त्या अर्थी ते पान संपेपर्यंत चालू ठेवायचे असावे. त्यामुळे वडिलांखाली आई मयत होती. आईखाली कंसताई मयत होती. शेजारचे बिऱ्हाड, वरचे सगळे मजले आणि गच्चीची किल्ली सांभाळणारा रखवालदार हे ओळीने मयत होते. तळमजल्यावरचा शिंपी यादीत वर असल्यामुळे वाचला होता. पानाच्या अगदी तळाशी विभागाचा पत्ता, दूरध्वनी आणि विभागप्रमुखांचे नाव होते. तेही राखाडी चौकटीत होते.

दुसऱ्या दिवशी मायलेकी विभागात गेल्या. दारातच मोठा फलक होता: ‘आमच्याविरुद्ध एकही तक्रार प्रलंबित नाही.’ त्याखाली समाधानी नागरिकांची संख्या होती आणि ती दररोज वाढत होती. खिडकीमागे जे कारकून बसले होते त्यांच्या टेबलावर एक छोटा पंखा होता. तो फक्त त्यांच्याकडे वळलेला होता.

“यांचं नाव चुकून मयत दाखवतंय,” कंसताई म्हणाली. “या माझ्या आई.”

कारकुनांनी पडद्याकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले.

“या मयत आहेत.”

“अहो, मी इथे उभी आहे ना तुमच्यासमोर,” आई म्हणाली.

“उभ्या आहात, दिसतंय मला. मी काही आंधळा नाही, आजी. पण माझ्या दिसण्याला नोंदमूल्य नाही.” मग ते कंसताईकडे वळले. “अर्ज कोण करणार?”

“मी. मुलगी.”

त्यांनी बोट ओळीवरून खाली सरकवले. “तुम्ही पण मयत. मयत व्यक्तीच्या वतीने मयत व्यक्तीला अर्ज करता येत नाही, ताई. असं झालं तर उद्या सगळेच यायला लागतील.”

“यात अर्जाचा प्रश्नच नाही. तुमच्या पानात एक टॅग बंद करायचा राहिलाय. बाबांच्या नावापुढे. एक तिरकी रेघ, एक शब्द. दोन सेकंदांचं काम आहे.”

“हे तुम्ही लेखी द्याल का?”

“देते की.”

“पण तुम्ही मयत,” कारकून विचारात पडले. ते मुळात वाईट मनाचे नव्हते. वाट काढण्याची त्यांची मनापासून इच्छा होती. “मयत माणसाचं लेखी फक्त एकाच स्वरूपात घेता येतं. मृत्युपत्र म्हणून दिलंत तर चालेल.”

कंसताईने ते मृत्युपत्र म्हणून दिले. माझ्या पश्चात अमुक ओळीवर ‘मयत’ हा टॅग बंद करण्यात यावा, अशी तिने अंतिम इच्छा लिहिली. कारकुनांनी त्यावर शिक्का मारला आणि पोच दिली.

“पण मग बाकीच्यांनी तक्रार कशी नाही केली?” परतताना आईने विचारले. “एवढी अख्खी इमारत गेली आणि कुणी हूं की चूं नाही?”

याचे उत्तर संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी आले. इमारतीचे अध्यक्ष दारात उभे होते. आधी ते वडिलांविषयी दोन शब्द बोलले. मग खुर्चीच्या कडेवर टेकले.

“तुम्ही विभागात गेला होतात असं ऐकलं.”

“हो. टॅग बंद करायला सांगून आले.”

“हं,” अध्यक्ष म्हणाले. “त्याची एवढी घाई आहे का, ताई?”

“म्हणजे?”

“नाही, म्हणजे बघा. आपण सगळे गेल्यापासून घरपट्टीची नोटीस आलेली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांची कोर्टातली केस निकाली निघाली, प्रतिवादी मयत म्हणून. माझ्या थोरल्या मेहुण्याने उसने मागायचं सोडलं. मंडळी समाधानी आहेत हो. एरवी कधी एका मताने ठराव होत नाही आपल्याकडे. परवा झाला.”

“कसला ठराव?”

“आहे तसंच राहू द्यावं असा.” अध्यक्षांनी आवाज खाली आणला. “तुमच्या आईंची अडचण आम्हाला समजते. त्यांना तेवढं बाहेर काढा ना. त्यांच्या पुढे पुन्हा एकदा ते ‘मयत’ उघडा, म्हणजे आम्ही आपले आत.”

“काका, मी चुका दुरुस्त करते. मागणीनुसार घालून देत नाही.”

“तुमचे बाबा किती समजूतदार होते,” अध्यक्ष उठता उठता म्हणाले. यात दोघांपैकी कुणाची स्तुती होती आणि कुणाची निंदा, हे त्यांनी सभ्यपणे मोघम ठेवले.

मृत्युपत्राचा निर्णय वारसांच्या हरकती मागवल्यानंतरच होतो. त्यामुळे ते प्रकरण बराच काळ तिथेच राहिले असते. पण मध्यंतरी विभागप्रमुखांना बढती द्यायची वेळ आली. वरिष्ठांनी संकेतस्थळावरून खात्री केली आणि जागा रिक्त असल्याचे कळवले. त्या दिवशी दुपारी त्रुटीचे गांभीर्य विभागाच्या लक्षात आले.

तातडीने ‘टॅग समतोल समिती’ नेमण्यात आली. समितीत तिघे होते आणि तिघेही हिशेब तपासनीस होते, कारण विभागात कुठलीही चौकशी हिशेब तपासनीसच करत. त्यांची पद्धत जुनी आणि निर्दोष होती: जमा किती, खर्च किती, दोन्ही बाजू सारख्या आहेत का. त्यांनी पानावर उघडलेले टॅग मोजले, बंद केलेले टॅग मोजले. उघडलेल्यांत एक जास्त भरला. जास्तीची रक्कम दिसली की ती कमी करावी, हा हिशेबाचा पहिला धडा. समितीने जास्तीचा टॅग कमी केला. त्यांनी वडिलांच्या नावाआधीचा ‘मयत’ खोडून टाकला.

हिशेब जुळला. आई हयात झाली. कंसताई, अध्यक्ष, रखवालदार आणि विभागप्रमुख हयात झाले.

आणि वडीलही हयात झाले.

विभागाचे पत्र त्यांच्याच नावाने आले. ‘आपण पुनश्च हयात झाल्याबद्दल विभाग आनंद व्यक्त करत आहे. आपणास दिलेला मृत्यूचा दाखला त्वरित परत करावा, अन्यथा कारवाई केली जाईल.’ कंसताईने ते दारात उभ्या उभ्याच वाचले. मग तिने ते आईला वाचून दाखवले, कारण आईला एका डोळ्याने बारीक छापील वाचणे जड जाई.

आईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, “पानावर बघू.”

कंसताईने फोनवर पान काढून दिले. वडिलांचे नाव इतर नावांसारखेच, चौकटीविना होते. आईने फोन उजव्या डोळ्याजवळ धरला.

“राहू दे की असंच,” ती म्हणाली. “तिथे आहेत तर असू देत. कुणाचं काय अडतंय?”

“तुझा डोळा अडतोय. दवाखान्याचं कार्ड बाबांच्या नावावर आहे. ते हयात असले तर सहीला त्यांनीच यायला हवं म्हणतात.”

“एका डोळ्याने भागतंय माझं.”

“काल दुधाऐवजी साबणाचं पाणी ओतलंस चहात.”

“तू प्यायलीस ना? तेव्हा काही बोलली नाहीस.”

फोन बंद करून दे असे आईने सांगितले नाही, म्हणून कंसताईनेही केला नाही. पडदा आपोआप विझला.

पण हयात माणसाला विभाग स्वस्थ बसू देत नाही. वडिलांना पत्रे येऊ लागली. दाखला परत न केल्याबद्दल प्रत्यक्ष हजर राहून खुलासा करावा. मधल्या काळात आपण कुठे होता याचा रहिवासी पुरावा जोडावा. हयात असल्याची खातरजमा करण्यासाठी अंगठ्याचा ठसा द्यावा. ठशासाठी सकाळी रांग लागते, तरी लवकर यावे आणि सोबत पाणी आणावे.

शेवटचे पत्र ऐकल्यावर आईने हातातले फडके खाली ठेवले.

“त्या रांगेत पाय सुजायचे यांचे,” ती म्हणाली. “आठवतं ना? घरी आले की बादलीत पाय सोडून बसायचे. आणि खिडकीवरचा माणूस म्हणायचा, उद्या या.” ती उठली आणि आपली पिशवी शोधू लागली. “आता तरी सोडा म्हणावं त्यांना. चल.”

समितीने दुसरी बैठक घेतली. या वेळी तिने ‘मयत’ उघडला आणि बंदही केला. हिशेब चोख जुळला. फक्त उघडला तो कुटुंबाच्या डब्याच्या आत आणि बंद केला तो कुटुंबाचा डबा बंद झाल्यावर, बाहेर. आतल्या डब्याचे झाकण बाहेरच्या डब्यानंतर लावले की काय होते, हे प्रत्येक संगणक आपापल्या संस्कारांनुसार ठरवतो. विभागात आई हयात दिसू लागली, दवाखान्यात मयत. औषधाच्या दुकानात ती मयत होती पण बिल भरण्यापुरती हयात होती. कंसताईच्या फोनवर फोन आडवा धरला की हयात, उभा धरला की मयत. आईने तो दोनदा फिरवून पाहिला.

“हे म्हणजे उठाबशा झाल्या,” ती म्हणाली.

विभागप्रमुखांचीही बढती आडवी-उभी होत होती. त्यांनी कंसताईला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतले.

“ताई, तुम्ही हे काम रोज करता ना? मग करून टाका की एकदाचं. अधिकृतपणे मी हे पाहिलेलं नाही.”

“मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एक तिरकी रेघ.”

“तेव्हा तुम्ही मयत होतात,” विभागप्रमुख समजुतीच्या सुरात म्हणाले. “आम्ही तरी कुणाकुणाचं ऐकायचं?”

कारकुनांनी खुर्ची दिली. छोटा पंखाही तिच्याकडे वळवला. आई पाठीमागे उभी राहिली. कंसताईने समितीने केलेली सगळी मोडतोड काढून टाकली, कुटुंबाचा डबा नीट लावला, वडिलांच्या नावाआधी ‘मयत’ उघडला आणि नावाच्या शेवटच्या अक्षरापाशी येऊन थांबली. तिथे कर्सर लुकलुकत होता.

आजवर तिने लोकांचे किती डबे बंद केले असतील. दुकानांच्या जाहिराती, शाळांचे निकाल, हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो. बोटे आपोआप चालत. शेजारच्याशी गप्पा मारता मारता ती रेघ मारून मोकळी होई. कळफलकावर ती कळ कुठे असते हे तिला कधी बघावे लागले नव्हते. आता तिने खाली बघितले.

“काही अडचण?” कारकुनांनी विचारले.

“नाही. कळ सापडत नव्हती.”

“लावलंस का झाकण?” आईने मागून विचारले.

“लावते.”

“त्यांच्यापुरतंच लाव. आमच्यावर नको यायला.”

“हो, आई.”

तिने रेघ मारली, शब्द लिहिला, कंस पुरा केला. पान पुन्हा उघडले. वडिलांच्या नावाभोवती राखाडी चौकट होती आणि ती त्यांच्या नावापाशीच संपत होती. खाली आई होती.

इमारतीला एकाच टपालात घरपट्टीच्या नोटिसा आल्या. अध्यक्षांचा मेहुणा त्याच संध्याकाळी येऊन गेला. जिन्यात भेटले तर लोक कंसताईला ओळख देईनात. जिवंत केल्याबद्दल माणसे एवढी नाराज होतात हे तिला ठाऊक नव्हते. तळमजल्यावरचा शिंपी तेवढा पूर्वीसारखाच बोलत होता. त्याला या सगळ्यातले काहीच कळले नव्हते.

आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर थेंब घालायची पाळी आली. कंसताईने तिची हनुवटी वर केली.

“छताकडे बघ,” ती म्हणाली. “माझ्याकडे काय बघतेस.”

आईने छताकडे पाहिले. थेंब पडला, आणि थोडा वेळ दोघींनाही डोळे पुसायला रीतसर कारण होते. मग आईने फोन मागितला, पान काढायला लावले आणि दोन्ही डोळ्यांनी नीट न्याहाळून म्हणाली, “चौकट सरळ बसलीय. ते असते तर म्हणाले असते, अर्धं सूत उजवीकडे हवी.”

विभागप्रमुखांची बढती झाली. जाताना त्यांनी या प्रकरणाचा अहवाल सादर केला. टॅग समतोल समितीने अथक परिश्रम करून त्रुटी दूर केली, असे त्यात म्हटले होते. अशी त्रुटी अन्य पानांवर आहे का, याचीही विभागाने तपासणी केली होती. तपासणीची पद्धत अशी: ज्या पानावरून तक्रार येईल ते सदोष, ज्या पानावरून येणार नाही ते निर्दोष. मयतांच्या तक्रारी नियमानुसार स्वीकारल्या जात नसल्यामुळे हे काम अपेक्षेपेक्षा लवकर उरकले. निर्दोष पानांवरच्या सर्वांची भर दारातल्या फलकावरच्या समाधानी नागरिकांत घालण्यात आली.

अहवालाची एक प्रत माहितीसाठी प्रत्येक हयात नागरिकाला पाठवली आहे. ती आपल्याला मिळाली नसेल, तर कारण उघड आहे. आपल्या पानावरूनही आजवर एकही तक्रार आलेली नाही, हे विभाग समाधानाने नमूद करतो.